निलमचे दिवस भरेपर्यंत

रूपाबाईची सात बाळंतपणं झाली, पण त्यांतल्या एकाही वेळी ती दुपारची कधी आडवी झाली नव्हती. पहिली दोन तांड्यावर झाली, बाकीची ऊसतोडीच्या फडात. पोटात कळ आली की डोक्यावरची मोळी खाली टाकायची, पाचटाच्या कोपीत जायचं, आणि आठ-दहा दिवसांत पुन्हा कोयता हातात घ्यायचा. सातांतली दोनच लेकरं राहिली, प्रेमदास आणि मिना. बाकीच्या पाचांबद्दल ती बोलत नसे. कोणी खोदून विचारलंच तर म्हणायची, "त्या वक्ताला असंच व्हायचं," आणि उठून कामाला लागायची.

तिचा तांडा कळमनुरी तालुक्यात, वारंगा फाट्यापासून दोन कोसांवर. चाळीसेक घरं, माळाची हलकी जमीन. दिवाळी झाली की निम्मा तांडा मुकादमाच्या ट्रकात बसून कराडकडं जायचा आणि पाडव्याच्या आगेमागे परत यायचा. नवरा-बायको मिळून एक कोयता धरायची रीत होती, म्हणून प्रेमदासचं लग्न झालं तशी त्याची बायको निलमही फडावर जाऊ लागली. पहिल्या खेपेला आठवा महिना लागला होता तरी गेली. रूपाबाईच घेऊन गेली होती.

तिथं निलमचे पाय सुजले, मग तोंड सुजलं. सासूला ती याडी म्हणायची, आईला म्हणतात तसंच. एक दिवस म्हणाली, "याडी, डोकं लई दुखून राहिलं. डोळ्यापुढं काजवे येऊन राहिले."

"होतं तसं," रूपाबाई म्हणाली. "पोटुशीला सगळं होतं."

दुसऱ्या दिवशी मोळी बांधता बांधता निलम कोसळली. दातखीळ बसली, बुबुळं वर गेली, हातपाय झडझडायला लागले. ट्रॅक्टरवर घालून तिला दवाखान्यात नेलं. दोन दिवस तिला शुद्ध नव्हती. पोरगी जन्मली तेही तिला कळलं नाही. डॉक्टर रूपाबाईला बाजूला घेऊन म्हणाले, "आजी, ही वाचली हे नशीब समजा. पुढच्या खेपेला पहिल्या महिन्यापासून काळजी घ्यावी लागेल. असं परत चालणार नाही."

रूपाबाईच्या ओंजळीत तेव्हा ती इवलीशी पोर होती. तिनं तिला स्वतःच्या आईचं नाव दिलं. गमली.

साडेतीन वर्षांनी, दोन हजार सालच्या पावसाळ्यात, निलमला पुन्हा दिवस गेले आणि रूपाबाई पार बदलून गेली. जी बाई गोळ्यांना हसायची, ती सुनेला घेऊन उपकेंद्रात गेली आणि पल्लवी सिस्टरसमोर मांडी घालून बसली. "मला सगळं सांगा. एकेक करून सांगा. मला लिहिता येत न्हाई, पर ध्यानात राहतं."

सिस्टरनं सांगितलं ते तिनं खरंच ध्यानात ठेवलं. लोहाची गोळी जेवणानंतर, वर लिंबू पिळलेलं पाणी, आणि गोळीच्या आगेमागे चहा नाही. गोळीनं मळमळायला लागलं तेव्हा रूपाबाईनंच विचारून ती संध्याकाळवर ढकलली. रोज एक पालेभाजी, शेवग्याचा पाला असला तर तोच. मूठभर शेंगदाणे आणि गूळ. दुपारी दोन तास झोप, तीही डाव्या कुशीवर. कंबर दुखते म्हणून रूपाबाईनं जुन्या लुगड्यांची लांबट उशी शिवली आणि गुडघ्यांमध्ये घालायला दिली. पाण्याचे हंडे स्वतः आणू लागली. दर सोमवारी उपकेंद्रात रक्तदाब मोजायचा, पायावर बोट दाबून सूज बघायची, आणि डोकं दुखलं तर त्याच घडीला सांगायचं.

"डोकं दुखलं तर काय करायचं?" रूपाबाई मधूनच विचारायची.

"तुमाला सांगायचं," निलम हसून म्हणायची.

"अन् काजवे दिसले तर?"

"तरी तुमालाच सांगायचं. याडी, मी काय शाळेतली पोर हाय का?"

आणखी एक गोष्ट सिस्टरनं बजावली होती. जड काही उचलायचं नाही. आणि गमलीचं तर अर्धं आयुष्य आईच्या कडेवर गेलेलं. पाणंदीत चार पावलं चालली की हात वर करून उभी राहायची. निलमला नाही म्हणणं जमत नसे. रूपाबाई शेतावर गेली की ती गुपचूप पोरीला उचलायची. झोपेत गमलीचे पाय आईच्या पोटावर पडायचे. एकदा अशीच लाथ बसली आणि निलम दिवसभर पोट धरून बसली.

दिवाळीनंतर ट्रक यायची वेळ झाली तेव्हा निलम जाणार नाही हे ठरलेलं होतं. प्रेमदासबरोबर कोयता धरायला त्याची बहीण मिना जाणार होती. आणि ट्रकाच्या आदल्या दिवशी रूपाबाई म्हणाली, "गमलीला घेऊन जा तुमच्यासंगं."

निलमनं मान वर केली. "काहून? राहू द्या की हितं."

"हितं राहिली तर तू उचलल्याबिगर राहत न्हाईस. बापाचा लळा हायच तिला. मिना बघंल. पाच महिन्याचा तर सवाल."

रूपाबाईचा नवरा थावरा दारात बसून दावं वळत होता. तो म्हणाला, "पोर ल्हान हाय, तिकडं पाणी मचूळ असतं."

"आपली लेकरं तिथंच वाढली न्हाईत का?" रूपाबाईनं त्याला गप्प केलं.

गमली ट्रकात बापाच्या मांडीवर बसून गेली. रडली नाही. ट्रकात बसायला मिळालं म्हणून खूश होती.

निलमचे दिवस खरंच सुखाचे जाऊ लागले. तिच्या गालावर तुकतुकी आली. सातव्या महिन्यात सिस्टरनं तिच्या पोटावर नळी ठेवून बाळाचे ठोके ऐकले आणि म्हणाली, "रूपाबाई, तुमच्यासारखी सासू माझ्या अख्ख्या यादीत नाही." रूपाबाईनं ते तांड्यात चार जणींना सांगितलं.

दर रविवारी दुपारी प्रेमदासचा फोन यायचा. वारंगा फाट्यावर रामप्रसादचं पंक्चरचं दुकान होतं, त्यात फोन होता. निलम पंधरा दिवसांतून एकदा जीपनं जाऊन बोलून यायची. गमली फोनवर नुसती श्वास सोडायची आणि निलम तेवढं ऐकून दोन दिवस आनंदात असायची.

फेब्रुवारी निम्मा सरला होता. रूपाबाई आणि थावरा करडई काढत होते. ऊन वर आलं होतं. रामप्रसाद बांधाच्या कडेला लुना उभी करून चालत आला, तो घरी न जाता शेतात आला यातच रूपाबाईला काय ते समजलं. फक्त कोण, एवढंच समजलं नव्हतं.

"प्रेमदासचा फोन आला होता," तो म्हणाला. "मावशी, बसा जरा."

"उभीच बरी हाय. बोल."

"गमली गेली. उलट्या अन् जुलाब लागले होते, दोन दिवस. काल दवाखान्यात नेता नेताच गेली."

थावरा काढलेल्या करडईच्या ढिगावर बसला. काटे टोचले असतील, पण तो उठला नाही. रूपाबाई तशीच उभी राहिली. तिच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं, "घरी सांगितलं का?"

"नाही. सरळ हिकडंच आलो."

"सांगू नको."

तांड्यात माणूस गेलं की बाया गळ्यात गळा घालून, सूर धरून रडतात. गेलेल्याचं एकेक आठवून रडतात आणि ते रडणं पार गावापर्यंत ऐकू जातं. रूपाबाईनं हौदावर जाऊन तोंड धुतलं, पदरानं पुसलं आणि घरी गेली.

"डोळे काहून लाल झाले, याडी?" निलमनं विचारलं.

"करडईची कूस गेली," रूपाबाई म्हणाली आणि भाकरीचं पीठ मळायला बसली.

दुसऱ्या दिवशी गोळ्या आणायच्या निमित्तानं ती एकटी उपकेंद्रात गेली. सिस्टरला सगळं सांगितलं. 

"तुमच्या पुस्तकात असं कायी हाय का," रूपाबाईनं विचारलं, "की सांगावं का न सांगावं?"

"पुस्तकात नाही, बाई." सिस्टरनं नोंदवही उघडली. "सोमवारी तिचा रक्तदाब एकशे चाळीसवर होता. आधी इतका नव्हता. मी मोठ्या डॉक्टरांना विचारते."

तीन दिवसांनी तिनं निरोप आणला. डॉक्टर म्हणाले होते की ताण जितका कमी तितका चांगला, पण सांगायचं की नाही ते घरच्यांनी ठरवावं.

"मंग मी ठरवते," रूपाबाई म्हणाली. "दिवस भरंस्तोवर न्हाई सांगायचं."

"ती तुम्हाला माफ करेल का?" सिस्टरनं हळूच विचारलं.

"जिती राहिली तर करंल न्हाई तर न करंल. आधी जिती राहू द्या."

त्याच रविवारी ती फाट्यावर गेली आणि लेकाशी बोलली. प्रेमदास म्हणाला, "मी येतो, याडी."

"येऊ नको. तुझं तोंड बघितलं की ती वळखील."

"मला हितं राहवत न्हाई."

"पाच हप्ते कळ काढ."

 मग तो म्हणाला, "मी तिला एकट्यानं पुरलं गं. मिनाला तिथं उभं राहवंना. मी एकटाच होतो."

रामप्रसादनं दुकानाबाहेर जाऊन दोन गिऱ्हाइकांना थांबवून धरलं, रूपाबाईचं बोलणं होईपर्यंत.

तांड्याच्या वसराम नाईकानं घरोघर निरोप दिला की निलमसमोर कोणी तोंड उघडायचं नाही. लोकांनी शब्द पाळला. बाया तिच्यासाठी काही ना काही घेऊन येत. कोणी करंजी, कोणी लोणच्याची फोड, कोणी घट्ट दही. येत, बसत, आणि लवकर उठून जात. निलमला वाटायचं, पोटुशीचे लाड चाललेत. "समदा तांडाच सासू झाला माझी," ती म्हणायची. थावराला मात्र घरात बसवेना. तो शेतातल्या आखाड्यावरच, खोपटात, राहू लागला. त्याची भाकर रूपाबाई तिकडं नेऊन द्यायची.  रडायचं ते तिला तिथंच रडता यायचं, लुगड्याचा बोळा तोंडात धरून. मग परतताना वाटेवरच्या विहिरीवर तोंड धुवायचं.

घरी तेच सगळं चालू होतं. गोळी, लिंबाचं पाणी, भाजी, डावी कूस. दुपारी निलम झोपली की रूपाबाई तिच्या पायांवर बोट दाबून खळगा पडतो का बघायची. पाय चोळताना जरा जास्तच जोर लावायची.

"हळू, याडी. हाडं मोडतील."

निलमनं होळीसाठी गमलीचा फेटिया शिवायला घेतला होता. लाल कापडाचा लहान घेर, त्यावर काचा लावायच्या. पोरगी होळीला नाही तर पाडव्याला तरी येईलच, असा तिचा हिशेब. एका दुपारी सुई थांबवून तिनं विचारलं, "वाढली असंल ना आता? किती लांब धरू?"

रूपाबाईनं निवडत होती ती तूर बाजूला ठेवली. तिनं हात जमिनीपासून वर धरला. जरा आणखी वर धरला.

"एवढी झाली असंल," ती म्हणाली.

निलमनं वीत मोजून कापड धरलं. "मंग खाली थोडं दुमडून ठेवते. पुढल्या साली सोडता येईल."

होळीच्या आधीच्या रविवारी निलम ऐकेना. महिना होऊन गेला, फोनवर बोलायचंच. रूपाबाई तिला जीपच्या पुढच्या सीटवर बसवून घेऊन गेली. फोन वाजला. निलमनं स्वतःचं सगळं सांगितलं, बाळ लाथा मारतं, पायाला सूज फार नाही, झोप लागते. मग म्हणाली, "गमलीला द्या."

रूपाबाई तिच्याशेजारी उभी होती. तिला लेकाचा आवाज ऐकू आला नाही, फक्त सुनेचा आला.

"झोपली? ती कधीपून दुपारची झोपायला लागली? उठवा की. बरं, राहू द्या. नका उठवू. झोपू द्या."

जीपमध्ये बसल्यावर निलम म्हणाली, "त्यांचा आवाज बसलाय. सर्दी झाली असंल."

होळी आली. तांड्याचा सगळ्यात मोठा सण. डफ वाजला नाही तर निलम विचारणार, आणि रूपाबाईच्या लेंगीच्या गाण्यांशिवाय तांड्याची होळी होत नसे. ती दिवस कलायच्या आधी बायांच्या फेरात उभी राहिली. आवाज लावला. दोन्ही बाजूंच्या बायांनी तिचे हात घट्ट धरले होते. ओट्यावर पाय लांब करून बसलेली निलम टाळी वाजवत होती.

पंधरा दिवसांनी, चोवीस मार्चला सकाळी कळा सुरू झाल्या. जीप सांगून ठेवलेलीच होती. कळमनुरीच्या दवाखान्यात दुपारी बाळंतपण झालं. झटका आला नाही, रक्तस्राव फार झाला नाही. पावणेतीन किलोची मुलगी. नर्सनं बाळ रूपाबाईच्या हातात दिलं तेव्हा ती भिंतीला टेकून खाली बसली. सगळ्यांना वाटलं, आनंदानं.

घरी आल्यावर नवव्या दिवशी तिनं सांगितलं. प्रेमदास दुसऱ्या दिवशी येणार होता, त्याच्या तोंडून कळू नये म्हणून. पल्लवी सिस्टरला तिनं मुद्दाम बोलावून घेतलं होतं. बाळ दूध पिऊन निजलेलं होतं. रूपाबाई सुनेसमोर जमिनीवर बसली आणि एका दमात सगळं बोलली. उलट्या, जुलाब, दवाखान्याची वाट, नदीच्या कडेची जागा. काही राखून ठेवलं नाही.

निलम ऐकत होती. मग तिनं विचारलं, "कधी?"

"होळीच्या आधी बावीस-तेवीस दिवस."

"फोनवर झोपली म्हणाले तेव्हा?"

"तेव्हा न्हवती."

"मी फेटिया शिवत होते तेव्हा?"

रूपाबाईनं मान हलवली.

"तुमी हात धरून दाखवला मला," निलम म्हणाली. "एवढी झाली असंल म्हणून." तिचा आवाज अजून चढला नव्हता. "तुमी होळी गायलात. मी टाळ्या वाजवल्या. माझं लेकरू मेलं अन् मी दुपारची झोपून राहिले, याडी. डाव्या कुशीवर. गूळ-शेंगदाणे खाऊन."

मग ती रडली. ते रडणं गावापर्यंत गेलं. बाया धावत आल्या, पण तिनं कोणाच्या गळ्यात गळा घातला नाही. सिस्टर तेवढी तिच्या पाठीला हात लावून बसली. कोणीतरी म्हातारी बाळाकडं बघून म्हणाली, "गमलीच आली बाई परत." निलमनं एकदम मान वर केली.

"ही ती न्हाई," ती म्हणाली. "ती गेली. ही दुसरी हाय."

दोन दिवस तिला दूध आलं नाही. सिस्टरनं सांगितलं म्हणून बाळाला सतत छातीशी लावत ठेवलं, तेव्हा तिसऱ्या दिवशी पुन्हा फुटलं. पोर जगली. तिचं नाव निलमनं स्वतः ठेवलं, सरिता. कोणाला विचारलं नाही.

त्यानंतर निलम सासूला याडी म्हणाली नाही. भांडली नाही, वेगळं घर मागितलं नाही. ताट वाढायची, पाणी द्यायची, दुखलं-खुपलं तर औषध आणायची. पण हाक मारायची वेळ आली की नुसतं "अवं" म्हणायची. प्रेमदास परत ऊसतोडीला गेला नाही. फाट्यावर हमाली धरली. पुढच्या हिवाळ्यात तो निलमला घेऊन कराडकडं गेला, गमलीची जागा दाखवायला. तिथं उसाची नवी लागण झाली होती. त्यानं खुणेला ठेवलेले दगड नांगरणीत निघून गेले होते. तो एक सरी दाखवायचा, मग दुसरी. निलम दोन्ही सऱ्यांत बसली आणि परत आली. रूपाबाईला हे मिनानं सांगितलं.

मिनाचं लग्न झालं. दोन हजार सात साली ती दुसऱ्या खेपेला माहेरी आली, थोरला तीन वर्षांचा मुलगा घेऊन. तिला तोच त्रास, मूल कडेवरून उतरत नाही आणि सिस्टर उचलू नका म्हणते. तिनं आईला विचारलं, "याला सासरी पाठवू का चार महिने? तू काय म्हणतीस?"

रूपाबाई तोवर थकली होती. थावरा वर्षापूर्वी गेला होता. ती म्हणाली, "मला इचारू नको. तुझं तू ठरव."

"तुला समदं ध्यानात हाय म्हणून इचारते."

"न्हाई. मी कायी सांगणार न्हाई."

चुलीपाशी निलम भाकरी थापत होती. ती म्हणाली, "ठेव त्याला हितंच. मी उचलत जाईन."

मिना मुलाला घेऊन बाहेर गेली. घरात त्या दोघीच राहिल्या. निलमनं तव्यावरची भाकर उलटली आणि सहा वर्षांत पहिल्यांदा तो विषय काढला.

"मला सांगितलं असतं तर मी मेले असते, असं वाटलं का तुमाला?"

"व्हय."

"मी जगले असते."

रूपाबाईनं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "असंल. आता वाटतं, जगली असतीस. तेव्हा मला तुझे वर गेलेले डोळे दिसत होते."

"तिला मीच पाठवू द्यायची न्हवती," निलम म्हणाली. "तुमी म्हणालात, पर आई मी होते."

"तुझा गुन्हा न्हाई त्यात. मी धाडली."

 निलमनं भाकर चुलीच्या निखाऱ्यावर उभी केली, फुगली तशी काढली, ताटलीत ठेवली, वर वांग्याची भाजी घातली आणि ताटली सासूसमोर सरकवली.

"जेवून घ्या," ती म्हणाली. "गार होईल."

रूपाबाई जेवली. त्यानंतर दीड वर्ष ती होती. शेवटच्या दोन महिन्यांत तिला उठता येईना, तेव्हा निलम तिला दोन्ही हातांनी उचलून ओट्यावर उन्हात नेऊन बसवायची. तेव्हाही ती तिला "अवं"च म्हणायची.